आडनाव एक, घराणी भलतीच

रविवारी दगडांचा डबा उघडून बसले. आपलेच झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत बनणारी खनिजं), नाशिक-जळगाव साइडच्या खाणीतले, आणि निम्म्यांची लेबलं गळून पडलेली. डोकंच फिरलं. कारण दगड काय आहे ते पुन्हा बघून कळतं, पण कुठून आणला हे एकदा पुसलं की संपलं, मग तो नुसता शोपीस. आता पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर बारीक नंबर टाकतेय.

त्यावरून सुदानमधे पडलेली उल्का, अल्महाता सित्ता, आठवली. 6 ऑक्टोबर 2008 ला अॅरिझोनातून रिचर्ड कोवाल्स्कीला एक छोटा लघुग्रह दिसला, 2008 टीसी3, जेमतेम चारेक मीटरचा, आणि दुसऱ्याच दिवशी तो नुबियन वाळवंटावर 37 किमी उंचीवर फुटला. पडायच्या आधी दिसलेला हा पहिलाच! डिसेंबरमध्ये उल्का-अभ्यासक पीटर जेनिस्केन्स आणि खार्टूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद विद्यार्थ्यांना घेऊन वाळूत रांगेनं चालले आणि काळे तुकडे वेचले. पुढच्या मोहिमा धरून सुमारे 600 तुकडे, सगळे मिळून 10 किलोच्या आसपास, बाकी सगळा धूर आणि धूळ.

उल्केला नाव जवळच्या जागेचं देतात, आपल्या नागपूरकर-सातारकरसारखंच. तिथे जवळ होतं रेल्वेचं सहा नंबरचं स्टेशन, अरबीत अल्महाता सित्ता. (बिहारच्या शेरघाटीत पडलेल्या उल्केवरून तर मंगळाच्या दगडांचा अख्खा प्रकारच शेरगोटाइट झालाय.)

गंमत पुढे आहे. उल्कांच्या अधिकृत नोंदीत वर्ग पडला युरेलाइट, तोही जरा वेगळा. बहुतेक तुकडे तसेच आहेत, ऑलिव्हिन, पिजनाइट ही खनिजं आणि मधे कार्बन, त्यात बारीक हिरे, म्हणून कापताना करवतीचा जीव जातो. पण 0.03 मिमी जाडीचे काप करून मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर काही तुकडे भलतेच निघाले, एन्स्टाटाइट कॉन्ड्राइट (कॉन्ड्राइट म्हणजे बारीक गोळ्यांचे, कधी पुरते न वितळलेले उल्का-दगड) काय, एच, एल (जास्त आणि कमी लोखंडाचे कॉन्ड्राइट) काय, कार्बनवाले काय. एन्स्टाटाइटवाल्यांत सिलिकेटमधे (दगडी खनिजांत) लोखंड जवळपास नाहीच, एच-एलमधे ऑलिव्हिनमधलं लोखंड मोजून वर्ग ठरतो. म्हणजे हे सगळे एका घरचे असूच शकत नाहीत, तरी एकाच आभाळातून एकाच सकाळी आले!

साहजिकच शंका येते की हे दगड आधीपासूनच तिथे पडलेले असतील. पण पडताना वितळून झालेली ताजी काळी साल, त्याच पट्ट्यात सापडणं आणि काहींमधली अल्पायुषी किरणोत्सारी मूलद्रव्यं बघितली की ती शंका बरीच मावळते.

म्हणून मला नंबरांची पद्धत आवडते. खार्टूमच्या संग्रहातले एएचएस अमुक, जर्मनीत म्युन्स्टरला अभ्यासलेले एमएस तमुक. आडनाव सगळ्यांचं तेच, पण प्रत्येक तुकडा सुटा तपासायचा, अख्ख्या ढिगाला युरेलाइट म्हणून मोकळं नाही व्हायचं. मला तर नोंदीतला तो एकच वर्ग वाचताना अजूनही खटकतं.

एएचएस 202 चंच बघा. अभ्यासाला मिळाला 50 मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही, आणि त्यात अँफिबोल हे खनिज निघालं, जे बनायला पाणी आणि बराच वेळ दाब लागतो. त्यावरून मूळ पिंड सेरेस या बटुग्रहासारखा, निदान 640 किमी व्यासाचा असावा असा अंदाज बांधला. लेबलवर मात्र अजून तेच, एएचएस 202.

आता माझा पंधरा नंबरचा स्टिल्बाइट कुठल्या खाणीतला होता, ते आठवायचंय.