२^१२७ − १ : वर्गमूळ मिळालं, आता चिन्हाकडे

मर्सेन मूळ संख्यांच्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांच्या) वाटेवर एम-१२७ पर्यंत, म्हणजे २^१२७ − १ पर्यंत आलो. ज्यांना पडताळायचं आहे त्यांच्यासाठी पूर्ण लिहितो: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. एकोणचाळीस अंक. १८७६ मध्ये एदुआर्द ल्युका यांनी ही मूळ असल्याचं सिद्ध केलं, तेही यंत्राशिवाय!

या वेळी प्रोग्रामला हात लावण्याआधी नुसत्या रूपावरून काय काय कळतं ते काढलं. (यापुढे 'बाकी' म्हणजे एम-१२७ ने भागून उरलेली.) द्विमान पद्धतीत ही म्हणजे सलग १२७ एकं, त्यामुळे २^१२७ ची बाकी १. मग २^१२८ ची बाकी २. पण २^१२८ हा तर २^६४ चा वर्ग! म्हणजे २ चं वर्गमूळ (ज्याच्या वर्गाची बाकी २ येते ती संख्या) २^६४, काही न शोधता हातात. मोठ्या मूळ संख्येत वर्गमूळ इतकं उघड्यावर पडलेलं मिळणं हा मला या संख्येचा सगळ्यात देखणा गुण वाटतो. भागाकारही करावा लागत नाही: शेवटचे १२७ द्विमान अंक वेगळे काढायचे आणि डावीकडे उरलेला भाग त्यांत मिळवायचा.

एम-१२७ ला ४ ने भागल्यावर ३ उरतात, म्हणून −१ ला वर्गमूळ नाही आणि ही संख्या दोन वर्गांची बेरीजही होऊ शकत नाही.

आता ल्युका-लेमर कसोटी, मर्सेन संख्या मूळ आहे का ते ठरवणारी: शेवटी ० आला तर मूळ. ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, आणि बाकी घ्यायची. पद्धत नीट बसावी म्हणून आधी १२७ वर, म्हणजे २^७ − १ वर केली (इथे बाकी १२७ ने भागून): ४, १४, ६७, ४२, १११, ०. शून्याच्या आधीचं पद बघा. १११ म्हणजेच (१२७ वजा करून) −१६, म्हणजे −२^४. हा योगायोग नाही. पुढचं पद शून्य यायचं तर या पदाच्या वर्गाची बाकी २ च हवी, म्हणून ते २ चं वर्गमूळच असणार, अधिक किंवा उणे. एम-१२७ मध्ये शून्य १२५ वर्गांनंतर येतं, आणि त्याच्या आधी वरचंच २^६४ उभं असतं. चिन्ह मुद्दाम सांगत नाही, स्वतः काढून बघा. ४ ऐवजी १० ने सुरुवात केली तरी एम-१२७ साठी चिन्ह तेच येतं. घातांकाला ८ ने भागून ५ किंवा ७ उरले की असं होतं (५ हा घातांक सोडून), आणि हे सिद्ध झालेलं आहे. सगळ्या मर्सेन मूळ संख्यांत हे होत नाही.

पुढचं काम आदिम मूळ शोधण्याचं, म्हणजे जिच्या घातांच्या बाक्यांत १ पासून एम-१२७ च्या आधीपर्यंतच्या सगळ्या संख्या येतात अशी संख्या. २ बाद, कारण त्याचे घात १२७ पायऱ्यांतच फिरून १ वर येतात. सोय अशी की एम-१२७ मधून १ वजा केला की २ × (२^६३ − १) × (२^६३ + १) मिळतं आणि त्याचे सगळे मूळ अवयव माहीत आहेत. आदिम मूळ ठरायला प्रत्येक अवयवाची चाचणी पार करावी लागते: एम-१२७ वजा १ ला त्या अवयवाने भागून येणाऱ्या घाताची बाकी १ येता कामा नये. त्यांतला सर्वांत मोठा ७७१५८६७३९२९, अवघा अकरा अंकी. ३ हा वर्गशेष नाही (कुठल्याच वर्गाची बाकी ३ येत नाही), म्हणजे पहिल्या अवयवाची, २ ची, चाचणी तो पार करतो. उरलेल्या अवयवांवर आता तोच लावून बघणार आहे.