प्लॅस्टिक एकच, पाणी तीन तऱ्हेचं: क्लोरेलाच्या बरण्यांची नोंद

माशांच्या पिल्लांना खाऊ घालायच्या मोइनासाठी (पाण्यातले अगदी बारीक जीव) हिरवं पाणी आपण मासे पाळणारे सगळेच वाढवतो. जुलैपासून मी त्याच पाण्यातल्या क्लोरेलावर (एकपेशीय हिरवं शेवाळ) एक गोष्ट तपासते आहे. बारीक प्लॅस्टिकचा शेवाळाला होणारा त्रास पाणी बदललं की बदलतो का? दोन फेऱ्या झाल्या. पहिली वाया गेली, पण ती सांगणं गरजेचं आहे.

सीडीचं पारदर्शक कव्हर पॉलिस्टायरिनचं असतं. ते मी पाण्याखाली धरून पॉलिश पेपरवर घासलं (कोरडं घासू नका, धूळ नाकात जाते) आणि कॉफीच्या फिल्टर पेपरातून गाळून घेतलं. कण पाण्यात मिसळेनात, वरच साय धरून बसले, म्हणून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला. तीन दिवसांत प्लॅस्टिकचे कण घातलेल्या शेवाळाच्या सगळ्या बरण्या फिकट पडल्या. निष्कर्ष वहीत लिहायच्या आधी नुसत्या साबणाची एक बरणी लावली, तर तीही तशीच फिकट. शेवाळ मारलं होतं ते साबणानं. प्रयोगशाळांनाही हे सांभाळावं लागतं. विकत मिळणाऱ्या पॉलिस्टायरिनच्या सूक्ष्म मण्यांच्या द्रावणात बऱ्याचदा सोडियम अझाइड हे परिरक्षक असतं, आणि ते स्वतःच विषारी आहे. मणी नीट धुतले नाहीत तर अझाइडचा दोष प्लॅस्टिकच्या माथी बसतो.

दुसऱ्या फेरीत साबण नाही. कण पावसाच्या पाण्यात घालून बाटली तीन आठवडे गच्चीवर उन्हात ठेवली, रोज हलवली. उन्हानं प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण होतं आणि मग पाणी त्याला धरतं. साय बरीच कमी झाली.

पाणी तीन प्रकारचं: पावसाचं (टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, १४), सोसायटीच्या बोअरचं (६१०), आणि देशी बदामाची वाळकी पानं भिजवून चहासारखं झालेलं पावसाचं. बेट्टा मासे पाळणाऱ्यांना हे तिसरं पाणी सांगायला नको. प्रत्येकाच्या तीन बरण्या: साधी, प्लॅस्टिकचे कण घातलेली, आणि काचेवर पेपर घासून निघालेल्या भुकटीची. ही तिसरी अशासाठी, की पॉलिश पेपरचे काळे, टोकदार कण प्लॅस्टिकसोबत येतातच. खत सगळ्यांना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान), सारखंच.

तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून ४०० पटीवर पाहिलं आणि तासभर जागची हलले नाही. पावसाच्या पाण्यात कण सुटे होते. अगदी बारीक कण थरथरत पेशींच्या मधून फिरत होते, काही पेशींना एकदोन चिकटलेलेही दिसले. बोअरच्या थेंबात सुटा कण शोधावा लागत होता. सगळ्यांचे गोळे झालेले, आणि गोळ्यांत हिरव्या पेशी अडकलेल्या, लाडवात बेदाणे असावेत तशा. बरणीच्या तळाला हिरवट गाळ बसला होता.

कारण असं. पेशीच्या भिंतीवर आणि उन्हात जुन्या झालेल्या प्लॅस्टिकवर, दोन्हींवर सहसा ऋण भार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. कॅल्शियम, मॅग्नेशियमचे दुहेरी धन भाराचे आयन हे ढकलणं झाकून टाकतात, सोडियमपेक्षा कितीतरी जास्त. बसाल्टमधलं आमचं बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे कण एकत्र आले. प्लॅस्टिकवर धन भार असेल तर गोष्ट उलटी होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धन भाराचे मणी क्लोरेला आणि सीनडेस्मस या दुसऱ्या हिरव्या शेवाळाला जास्त चिकटलेले आढळले होते, आणि प्रकाशसंश्लेषण मंदावलं होतं.

सातव्या दिवशी मोजणीच्या काचेवर मोजलं. पावसाच्या पाण्यात साध्या बरणीतल्या १०० पेशींमागे प्लॅस्टिकच्या बरणीत ६८. बोअरमध्ये वरचं पाणी घेतलं तर ५४! पण बरणी हलवून घेतलं तर ८९. म्हणजे पेशी मेल्या नव्हत्या, तळाला गेल्या होत्या. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुसता वरचा हिरवा रंग पाहून मोजलं असतं, तर बोअरचंच पाणी सर्वांत घातक ठरलं असतं. (बुडालेल्या पेशींना उजेड कमी मिळतो, तेही नुकसानच, पण ते वेगळं.)

बदामाच्या पाण्यात ८४. कण सुटेच होते, पण पेशींवर क्वचितच बसलेले. पानांतली ह्युमिक द्रव्यं (पाण्याला तपकिरी रंग देणारी) कणांवर थर चढवतात, त्यामुळे ते गोळाही होत नाहीत आणि चिकटतही कमी. तपकिरी रंगानं उजेड अडतो, म्हणून तुलना त्याच पाण्याच्या साध्या बरणीशीच केली. काचेच्या भुकटीच्या तिन्ही बरण्या साध्यांच्या आसपास राहिल्या. प्रत्येक प्रकारची एकेकच बरणी आहे, त्यामुळे ८४ आणि ८९ मधला फरक मी धरत नाही.

पुढची फेरी रविवारी. पावसाच्याच पाण्यात कॅल्शियम क्लोराइड थोडं थोडं वाढवत नेऊन गोळे कुठे सुरू होतात ते पाहीन. शिवाय बोअरच्या पाण्यात बदामाची पानं, कारण कॅल्शियम भरपूर असेल तर ह्युमिक द्रव्यं कणांना एकमेकांशी बांधूही शकतात.

कोकणात कुणी समुद्राच्या पाण्यावर नॅनोक्लोरॉप्सिस (समुद्री सूक्ष्म शेवाळ) वाढवत असेल तर हेच करून पाहा, आणि तळाचा थेंब वेगळा, वरचा वेगळा मोजा. झाल्यावर पाणी मोरीत ओतू नका. मी ते दुहेरी फिल्टर पेपरातून गाळते, पेपर वाळवून झाकणाच्या बाटलीत ठेवते. गाळलेल्या पाण्यातही सर्वांत बारीक कण उरतात, म्हणून ते ताटात उन्हात आटवते आणि ताट पुसलेला कागदही त्याच बाटलीत टाकते.