लिंबाएवढं भोक

सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला "कसे आहात?" असं विचारत नाही. "आयर्विनला किती?" असं विचारतात. १९२९ साली खुल्या झालेल्या त्या पुलापाशी कृष्णेचं पाणी फुटांत मोजतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि त्यापुढे गावभागातला माणूस स्वतःच्या जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागतो. अशा गावभागात माझ्या अंगणात एक शिडाची होडी पालथी पडलेली असते. येणारा-जाणारा फाटकातून डोकावतो आणि म्हणतो, "पुराची सोय करून ठेवलीय वाटतं सरांनी!"

नाही हो. पुराशी तिचा संबंध आला, पण भलत्याच बाजूनं आला. ते पुढे.

ही होडी 'एंटरप्राइज' जातीची. सव्वातेरा फूट लांब, नुसतं अंग नव्वदेक किलोचं, दोघांनी चालवायची. जॅक होल्ट नावाच्या ब्रिटिश आखणीकारानं १९५६ साली ती आखली तीच मुळी प्लायवुडसाठी, हौशी माणसाला घरच्या घरी जोडता यावी म्हणून. पुढे ती फायबरमध्ये आली तरी प्लायवुडच्या घडीचे कोपरे तसेच राहिले. आमच्या तिच्याही बगलेला ते कोपरे आहेत. लग्नात बाशिंगाचा काच बसावा तसे. निळी शिडं ही या जातीची ओळख. माझी निळी होती म्हणायची. आता ती धुऊन धुऊन शाळेच्या जुन्या गणवेशाच्या रंगाची झाली आहेत.

पुण्याकडच्या एका क्लबनं मोडीत काढलेली ती मी टेंपोत घालून आणली. डोलकाठी टेंपोच्या टपावरून मागे लोंबत होती आणि तिच्या टोकाला लाल फडकं. पेठ नाक्यावर चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं होडीकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "समुद्र कुटं हाय तिकडं?" तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला उत्तर यायला हवं होतं. आलं नाही.

घरी आल्यावर तिची तपासणी झाली. क्लबात ती बरीच वर्षं सुलटी, पावसाचं पाणी पोटात साठवून बसली होती, त्यामुळे तळावर बारीक बारीक फोड आले होते. फायबर कुजत नाही, गंजत नाही, असं सगळे म्हणतात. ते खरंही आहे. पण वरच्या गुळगुळीत जेलकोटमधून पाणी रेणू-रेणूनं आत शिरतं, आतला विरघळण्याजोगा ऐवज विरघळवतं आणि मग तो दाट द्राव आणखी पाणी आत ओढून घेतो. ऑस्मॉसिस. बेदाणा पाण्यात फुगतो तोच प्रकार. गंमत म्हणजे यात खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी जास्त त्रास देतं. मी एक फोड दाभणानं फोडला तेव्हा आंबूस वास आला. सवयीनं निळा लिटमस लावला. तांबडा झाला. त्या दिवशी मला निवृत्तीनंतर पहिल्यांदा प्रॅक्टिकल घेतल्यासारखं वाटलं.

तो पहिला कारभार वर्षभरात आटोपला. फोड उघडले, सुकवले, भरले. दोन-तीन हंगाम नदीत काढले. उन्हाळ्यात पालथ्या तळावर बायको कुरडया घालायची. पांढरा, तापणारा, मांजराला चढायला निसरडा, याहून बरी जागा गच्चीवरही नाही, असं तिचं म्हणणं. होडीचा आमच्या घराला झालेला एवढा एकच निर्विवाद उपयोग.

मग ऑगस्ट २०१९ आला. आयर्विनला साडेसत्तावन्न फूट. आमच्या अंगणात छातीएवढं पाणी चढलं आणि आम्ही वरच्या मजल्यावरून बचावपथकाच्या रबरी बोटीत उतरलो. होडी पेरूच्या झाडाला नायलॉनच्या दोरीनं बांधलेली होती, ती पालथीच तरंगत होती आणि दर लाटेसरशी लोखंडी फाटकावर आपटत होती. धप्. मग थोडं थांबून, धप्. बोटीतल्या एका पोरानं विचारलं, "ही होडी कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. माझ्या मांडीवर मांजराची पिशवी, बायकोच्या मांडीवर देव. डोलकाठी गच्चीवर, सुकाणू माळ्यावर, आणि तसल्या ओढीत शिडाच्या होडीचा उपयोग शून्य, हे सगळं मला त्याला समजावून सांगायचं होतं. पण दुसऱ्याच्या होडीत बसून स्वतःच्या होडीचं समर्थन करणं फार अवघड असतं.

पाणी उतरल्यावर आधी घर, मग विहीर, मग पुस्तकं. होडीकडे सगळ्यात शेवटी वळलो. फाटकाच्या कडीनं तळाला लिंबाएवढं भोक पाडलं होतं. लिंबाएवढंच. म्हटलं, दोन दिवसांचं काम.

कुपवाडला एक फायबरचे मिस्त्री आहेत. टेंपोचे मडगार्ड, बालवाडीच्या घसरगुंड्या, गणपती मंडळांचे हत्ती आणि सिंह, असा त्यांचा पसारा. होडी त्यांनी आधी कधी दुरुस्त केलेली नव्हती, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी: मोल्ड आणि पीस. माझी होडी म्हणजे पीस. ते आले, वाकले, भोकात करंगळी घालून पाहिली आणि खिशातून एक रुपयाचं नाणं काढून भोकाभोवती ठोकत सुटले. टक, टक, टक, टक, ठप. "हितनं सुटलंय." खडूनं खूण. पुन्हा टक, टक, ठप.

मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचा भोपळा निवडताना असंच टिचकी मारून कानानं निवडतात. मी तिथं उभा राहून पाहिलेलं आहे. भोपळ्यात नाद शोधायचा आणि फायबरमध्ये नादाचा अभाव, एवढाच फरक. काचेच्या मॅटचे थर एकमेकांना धरून असले की आवाज कडक येतो. थर सुटले, मध्ये पाणी किंवा हवा शिरली, की बद्द येतो. मिस्त्रींनी ठोकून झालं तेव्हा लिंबाभोवती खडूचं एक वेडंवाकडं वर्तुळ होतं आणि मागच्या फळीपाशी, जिथे फायबरच्या आत प्लायवुड आहे, तिथं आणखी एक. ते तर माझ्या गावीही नव्हतं.

"सर, भोक बुजवायचं आसंल तर आधी थोरलं कराय लागतंय."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ ग्राइंडर चालू झाल्यावर कळला. फायबरच्या भोकाला नुसता ठिगळ लावून चालत नाही. कडा उतरत्या घासाव्या लागतात. जाडीच्या बारापट लांब उतार. चार मिलिमीटर जाडीला चारी बाजूंनी जवळजवळ पाच सेंटिमीटर. म्हणजे लिंबाएवढं भोक बशीएवढं होतं, आणि त्यातला बराचसा भाग अगदी धडधाकट असतो. तो धडधाकट भाग ग्राइंडरखाली पांढऱ्या धुळीत उडताना पाहणं मला जमेना. मी दोनदा "बास, बास" म्हणालो. मिस्त्रींनी मान वर न करता सांगितलं, "सर, तुम्ही आत जाऊन च्या सांगा."

पण घाई करून उपयोग नव्हता, कारण आत ओल होती. ओल्या थरावर रेझिन, म्हणजे काचेच्या मॅटला बांधून घट्ट होणारा चिकट द्राव, धरत नाही. उघड्या भागावर रात्री पॉलिथिनचा तुकडा चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद करायचा आणि सकाळी बघायचं. आतून थेंब दिसले की अजून ओल आहे. दिवाळी गेली. रोज सकाळी दूध घ्यायला जाताना मी वाकून पॉलिथिन बघायचो. डिसेंबरभर थेंब होते. जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीचे तिळगूळ संपायच्या सुमारास, पॉलिथिन कोरडं निघालं. मी मिस्त्रींना फोन केला तेव्हा माझा आवाज बारशाचं आमंत्रण देणाऱ्याचा होता, असं बायको सांगते.

आता रेझिन. हे माझं राज्य, असा माझा समज. स्टायरीन, पेरॉक्साइडमधून सुटणारे फ्री रॅडिकल, एकमेकांत गुंफत जाणाऱ्या साखळ्या; हे मी तीस वर्षं फळ्यावर काढलं होतं. मिस्त्री हार्डनर, म्हणजे तेच पेरॉक्साइड, बाटलीच्या झाकणानं मोजत होते. मला ते बघवेना. मी कपाटातून पिपेट काढलं, हिशोब करून बरोब्बर दोन टक्के हार्डनर घातलं, आणि अर्धा लिटर मिश्रण एका उभ्या मगमध्ये ढवळून ठेवून मॅटचे तुकडे कापायला बसलो. पाचेक मिनिटांत मग हाताला गरम लागला. मग चटका बसला. मग त्यातून धूर निघाला आणि आतला गोळा तडकून फुटला. उष्णता बाहेर टाकणारी प्रक्रिया, खोल भांडं, उष्णतेला पसरायला जागा नाही. प्रश्नपत्रिकेत पाच मार्कांना विचारलं असतं तर मी पाचही घेतले असते. मिस्त्रींनी पितळीसारखी रुंद ताटली पुढे केली, त्यात थोडंच रेझिन ओतलं, झाकणानं हार्डनर घातलं आणि म्हणाले, "पसरून घ्यायचं सर, तापत न्हाई."

एका बाबतीत मात्र त्यांनी मला चकार शब्द बोलू दिला नाही. कोबाल्ट, म्हणजे रेझिन घट्ट होण्याला वेग देणारं द्रावण, आणि हार्डनर थेट एकमेकांत कधी मिसळायचे नाहीत. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर मागून. नाहीतर भडका उडतो. त्यांच्या डाव्या भुवईत एक टक्कल आहे, त्यावर बोट ठेवून ते हे सांगतात. माझ्याकडे हेच सांगणारं पुस्तक आहे, पण त्याला भुवई नाही.

रेझिन त्यांनी 'आयसो' वापरलं. मडगार्डला ते 'जीपी' वापरतात, ते स्वस्त. आयसो पाण्याला जास्त टिकतं. काचेची मॅट मोठ्या तुकड्यापासून लहानाकडे, एकावर एक. प्रत्येक थरावर ब्रशनं टिपत टिपत रेझिन जिरवायचं, की पांढरी मॅट भिजत काचेसारखी पारदर्शक होते. मग खाचांचा लोखंडी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे हुसकायचे. हा भाग मला आवडला. बुडबुडा रोलरपुढे पळतो, कडेला अडतो, टिचतो. तासभर मी दुसरं काही केलं नाही.

ग्राइंडिंगच्या दिवसाची खाज मात्र आठवडाभर पुरली. काचेचे कण कातड्यात रुततात. मिस्त्रींचा सल्ला: आधी थंड पाण्यानं अंघोळ, गरम पाणी घेतलं की भोकं उघडून कण आणखी आत. जानेवारीत पहाटे थंड पाणी. बायकोनं माझे कपडे काठीनं उचलून वेगळ्या बादलीत टाकले.

सगळ्यात वर जेलकोट. त्याचा एक हट्ट असतो. उघड्या हवेत त्याचा पृष्ठभाग चिकटच राहतो, नीट वाळत नाही. हवा तोडावी लागते. मिस्त्री म्हणाले, एखादा प्लास्टिकचा गुळगुळीत कागद द्या वर दाबायला. माझ्याकडे ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिकांचा गठ्ठा होता. माळ्यावर असल्यामुळे पुरातून वाचलेला. कॉलेजात त्या यंत्राला आता कुणी विचारत नाही, पण टाकून द्यायला हात धजावला नव्हता. एक काढली आणि वरून नीट बसवली. दुसऱ्या दिवशी सोलून काढली तर खाली आरशासारखा पांढरा जेलकोट, आणि त्यावर निळ्या मार्करच्या शाईत बेंझीनचा षटकोन. लिहिलेली बाजू मी खाली दाबली होती. षटकोन उलटा झाला तरी षटकोनच. पण त्याखालचं 'बेंझीनचं वलय' हे माझ्याच हस्ताक्षरात उलटं उमटलं होतं. घासून गेलं असतं. मिस्त्रींनी वॉटरपेपर हातात घेतलाही होता. मी नको म्हटलं. ज्या स्टायरीननं तो तुकडा घट्ट झाला त्याच्या पोटात हेच वलय आहे, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. कंपनीचा शिक्का."

शिडाची शिवण पुरात उसवली नव्हती, उन्हानं उसवली होती. कापड टिकतं, धागा आधी जातो. नाटकाचे पडदे आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या एकाकडे घेऊन गेलो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं पहिलं नाटक लावलं त्या गावात पडदा शिवणारा मिळणं अवघड नाही. त्यानं शीड जमिनीवर पसरलं, भोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याला घडी कुठनं पडते?" घडी पडत नाही, वारा भरतो, हे कळल्यावर त्यानं सुती धागा बाजूला ठेवून पॉलिस्टरचा घेतला. न सांगता.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी भाजीच्या हातगाडीवर होडी घालून घाटावर नेली. पावसाळ्यात इथं होड्यांच्या शर्यती होतात तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नसते. वल्ह्याची माणसं आहेत ही. शिडाकडे ती जरा संशयानंच बघतात. बंधाऱ्यामागचं पाणी शांत होतं, पश्चिमेकडून थोडा वारा होता. मिस्त्री आले होते, पडदेवाला आला होता, बायको पायरीवर छत्री घेऊन बसली होती. शेजारचे जोशी मोबाइलवर शूटिंग करत होते.

शीड भरलं. होडी कलली आणि सुटली. नदीत वारा सरळ येत नाही, काठावरची झाडं आणि घरं त्याला तोडून तोडून देतात. एक झोत, मग काही नाही, मग पाठीमागून अचानक दुसरा. सांगलीवाडीच्या काठावर पोहणारी पोरं ओरडली, "ओ काका, वल्हं मारा की!" मी वाकून आधी ती बशीएवढी जागा पाहिली. कोरडी ठणठणीत. हात फिरवला. षटकोनही आपल्या जागी, बाहेरच्या अंगाला, कृष्णेत बुडालेला.

मग चपलेला काहीतरी गार लागलं.

होडीच्या पोटातून खाली पाण्यात सोडायचा एक फळा असतो, सेंटरबोर्ड. त्याची उभी पेटी तळाला जिथं जोडलेली असते त्या सांध्यातून पाण्याची बारीक धार येत होती. त्या सांध्यावर आम्ही नाणं ठोकलंच नव्हतं. मी सुकाणू पायात धरून स्पंजनं पाणी टिपायला लागलो. होडी हळूहळू घाटाकडे वळली. जोश्यांनी मोबाइल खाली घेतला आणि दोन्ही हातांचा कर्णा करून विचारलं,

"सर, किती?"

मी वाकून बघितलं.

"चार बोटं!"