आमची वाटचाल: दोन तसराळी, एक मेणकापड आणि एक वही

इंदूरच्या वृद्धाश्रमांत अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांची आंघोळ, मुखशुद्धी, नखे आणि केस यांची निगा ही आमची सेवा. रामबागेतल्या घरी सुरुवात केली तेव्हा दोन तसराळी, एक मेणकापड आणि डझनभर जुने पंचे एवढेच सामान होते. पंच्यांचा आग्रह माझ्या भागीदारांचा, म्हणजे निवृत्त परिचारिका असलेल्या आमच्या ताईंचा. म्हातारपणी पातळ झालेली त्वचा टॉवेलने पुसायची नसते, पंच्याने टिपायची असते, असे त्या सांगत. पाणी कोपराने तपासायचे, आधी डोळे व चेहरा, गुह्यांग सर्वांत शेवटी आणि तेही पाणी बदलून, हा त्यांचा क्रम आम्ही आजही मोडत नाही.

काम वाढत गेले. लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी मात्र आमच्या सर्वांत मोठ्या आश्रमाने निम्म्या दरात येणाऱ्या दुसऱ्या पुरवठादाराला काम दिले. निम्मा दर म्हणजे निम्म्या मावशी, सकाळचा डायपर रात्रीपर्यंत आणि दर दोन तासांनी कूस बदलणे बंद. काही आठवड्यांतच एका आजोबांच्या माकडहाडावर, दाबूनही न फिकटणारी लाली, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची पहिली खूण, दिसली, आणि पुढे जखम झाल्यावर दोष आमच्यावर आला. आम्ही रोज त्वचेची नोंद वहीत करतो. शेवटच्या दिवशीच्या पानावर ‘माकडहाड, टाचा: स्वच्छ’ असे ताईंच्या अक्षरात लिहिलेले आहे. ती वही पाहायला कोणीही मागितली नाही, याचे दुःख मला अजून आहे.

त्यातच २५ मार्च २०२० पासून सगळीकडची फाटके बंद झाली. सहापैकी चार मावशी गावी गेल्या. दुसऱ्या आश्रमातल्या एका आजींच्या मुलीने मात्र, काम बंद असतानाही, दरमहा पैसे पाठवले. या आजी चेहरा स्वतःच पुसत. आम्ही ओला पंचा फक्त हातात देत असू. घरी कोणी अंथरुणावर असेल तर त्यांचा चालता हात असाच चालू ठेवावा, कवळी रात्री काढून गार पाण्यात ठेवावी, कारण उकळत्या पाण्याने ती वाकडी होते, आणि कातडीच्या घड्यांत पावडर मुळीच भरू नये, ओलाव्याने तिच्या गुठळ्या होऊन त्वचा सोलवटते.

पुढे त्या मोठ्या आश्रमाने आम्हांला पुन्हा बोलावले. आमच्याच दराने करार ठरला. मी वही नेऊन टेबलावर ठेवली; नव्या व्यवस्थापकांनी ती न उघडताच सही केली.