आमची वाटचाल : कपाट रिकामं करताना

आम्ही गृहकर्ज मिळवून देणारे एजंट. दादरच्या आमच्या ऑफिसात सुरुवातीची काही वर्षं लोखंडी कपाट भरलेलं असणं ही धंदा चालल्याची खूण मानली जायची. मंजूर गृहकर्जांच्या फायली वरच्या कप्प्यात, नामंजूर झालेल्या खाली. पुढे टॉप-अप (चालू कर्जावर वाढीव कर्ज) किंवा बॅलन्स ट्रान्सफरला (कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायला) उपयोगी पडतील म्हणून ठेवलेल्या. प्रत्यक्षात तसा उपयोग होतच नाही. बँक मागते ताज्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट. जुना कागद कर्जाला चालत नाही, फसवणुकीला मात्र चालतो. त्यातही नामंजूर फाइल जास्त धोक्याची, कारण तिची चौकशी करायला कोणी परत येत नाही.

आता आधारची प्रत आम्ही फक्त मास्क केलेली घेतो. पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून ती ग्राहक स्वतः डाउनलोड करतो. पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. हा पासवर्ड कोणालाही ओळखता येतो, त्यामुळे ती पीडीएफ कुलूपबंद आहे असं समजू नये. प्रत्येक झेरॉक्सवर बँकेचं नाव, ‘फक्त गृहकर्जासाठी’ आणि तारीख तिरकी लिहून घेतो. हा मजकूर छपाईवरूनच गेला पाहिजे. कोपऱ्यात लिहिला तर कापून टाकता येतो.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे नोंदणीकृत करारनामा. त्याच्या शेवटी दस्त गोषवारा भाग 2 असतो. त्यावर घेणारा आणि विकणारा यांचे फोटो, सह्या आणि अंगठ्याचे ठसे असतात. मागे साक्षीदारांच्या ओळखपत्रांच्या प्रतीही जोडलेल्या सापडतात. म्हणजे आपले ग्राहकही नसलेल्या माणसांची माहिती आपल्या हातात येते. दस्तांवरच्या ठशांची नक्कल करून आधारवर चालणाऱ्या पेमेंटमधून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. म्हणून ग्राहकाला समोर बसवून आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला लावतो, म्हणजे ठशाने आधारची पडताळणी बंद होते. पूर्ण करारनामा बँकेच्या कायदेशीर तपासणीलाच जातो. मूल्यांकन करणाऱ्याला मिळकतीचं वर्णन, क्षेत्रफळ आणि मंजूर नकाशाची पानं पुरतात.

गळती बहुतेक वेळा साध्या ठिकाणी होते. फील्डवरच्या मुलाच्या फोनवर व्हॉट्सॲपने आलेला पॅनचा फोटो आपोआप गॅलरीत जातो, तिथून गुगल फोटोजच्या बॅकअपमध्ये. तिथून पुसला तरी साठ दिवस ट्रॅशमध्ये राहतो. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी उघडलेलं व्हॉट्सॲप वेब तसंच चालू राहतं. आम्ही स्कॅनर-प्रिंटर ऑफिसात आणला आणि ऑटो डाउनलोड बंद केलं. पीडीएफ मेलने, पासवर्ड फोनवर सांगून. दोन्ही एकाच मेलमध्ये कधीच नाही. लोकलच्या गर्दीत एका बॅगेत एकच फाइल, तीही चिकटवलेल्या लिफाफ्यात.

एकाच वेळी पाच बँकांत फाइल टाकायची पद्धत या धंद्यात सर्रास आहे. आम्ही ती सोडली. पाच ठिकाणी प्रती फिरतात, शिवाय बँकेची प्रत्येक चौकशी ग्राहकाच्या क्रेडिट अहवालात (कर्ज आणि परतफेडीच्या नोंदींच्या अहवालात) नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत अनेक चौकश्या दिसल्या की स्कोअर घसरू शकतो. पात्रता आधी कागदावर मोजायची, मग एक, फार तर दोन बँका. क्रेडिट अहवाल लेखी संमतीशिवाय काढायचा नाही. नामंजूर ग्राहकाचा नंबर दुसऱ्या एजंटला देणं तर सरळ विश्वासघात आहे. त्या माणसाचा फोन पुढे कित्येक महिने वाजत राहतो.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आमच्यासारख्या छोट्या ऑफिसला यातून एक गोष्ट पक्की कळली : जो कागद आपल्याकडे नाही, तो आपल्याकडून गळत नाही.

मूळ कागद आम्ही हातातच घेत नाही. ग्राहक ते स्वतः बँकेत देतो आणि कागदांच्या यादीवर पोच घेतो. कर्जाची रक्कम वितरित झाल्यावर तीस दिवसांनी आणि नामंजुरीनंतर पंधरा दिवसांनी फाइल नष्ट होते. पिना काढायच्या, क्रॉस-कट श्रेडरमध्ये तुकडे करायचे. नुसत्या उभ्या पट्ट्या जुळवता येतात. त्याच दिवशी मेल, ड्राइव्ह आणि दोन्हींच्या ट्रॅशमधून प्रती काढायच्या, रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि ग्राहकाला तारखेसह कळवायचं.