तुम्ही विचारलंत म्हणून: देवीपर्यंत गाडी का जात नाही?

नवरात्र जवळ आलं की फोन सुरू होतात. नागपूरहून, वर्ध्याहून, कधी पुण्यात स्थायिक झालेल्या आमच्याच गावकऱ्यांचे. "देऊळ बांधलंत, सभामंडप झाला, मग शेवटच्या टप्प्याला रस्ता तेवढा का नाही केलात? आईला एवढं चालवत नाही हो." मी देवस्थानाचा विश्वस्त, त्यामुळं उत्तर द्यायचं काम माझ्याकडं. फोनवर ते धड सांगून होत नाही, म्हणून इथं सविस्तर.

गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातलं. धानाच्या बांध्या, एक माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातला) तलाव आणि तलावाच्या पाळीपलीकडं जंगल. त्या जंगलाच्या कडेला मोहाच्या बुडाशी आमची मातामाय: शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, बाजूला नवसाचे मातीचे घोडे. आखाडीला, आषाढातल्या सणाला, अख्खं गाव तिथं जायचं. एरवी जाणारे म्हणजे पूजा करणारा भुमक आणि गुराखी.

मग गावातल्या पोरांनी ठरवलं, देवीला देऊळ पाहिजे. लोकांना वाटतं, देऊळ म्हणजे आधी मूर्ती. आधी सातबारा. मोह ज्या गटात होता तो एका शेतकऱ्याच्या मालकीचा, भोगवटादार वर्ग १ (म्हणजे द्यायला-विकायला मोकळा), आणि तो शेतकरी बक्षीसपत्र करून द्यायला तयार होता. शेजारचा गट एका गोंड कुटुंबाचा. देवी तिथं असती तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बक्षीसपत्र झालंच नसतं, आणि ते तसंच असावं. देवाचं नाव पुढं करून आदिवासींची जमीन सरकवायला फार अक्कल लागत नाही. बाकी अकृषक परवानगी, १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात न्यासाची नोंदणी, दरवर्षीचे हिशेब. हे कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही, एवढंच सांगतो.

मोजणी झाली तेव्हा खरी गंमत कळली. मोहाचं खोड आमच्या हद्दीत, पण त्याची दुपारनंतरची सावली पडते झुडपी जंगलात. ही नोंद पूर्व विदर्भाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. जुन्या मध्यप्रांताच्या महसुली कागदांत गुरं चारायच्या खुरट्या जमिनीला हे नाव पडलं. पुढं नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशा जमिनींवर वस्त्या, शाळा, कचेऱ्यासुद्धा उभ्या राहिल्या. पण जंगल कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या, गोदावर्मन प्रकरणातल्या १९९६ च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हे वनच, असं सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला स्पष्ट केलं. डोळ्यांना बोरी-पळसाचं रान दिसतं, कागदावर जंगल असतं, आणि १९८० च्या वन कायद्यामुळं केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय तिथं दुसरं काही करता येत नाही. देवळाकडं जाणारी पायवाट नेमकी याच जमिनीतून जाते.

"म्हणजे सरकारनं अडवलं," असं तुम्ही म्हणाल. मी तसं म्हणत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३(२) मध्ये, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ते अशा १३ सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसली पाहिजेत. त्या यादीत देऊळ नाही, रस्ता आहे. प्रयत्न करून पाहता आला असता. एका पुढाऱ्यानं तर देवस्थान 'क' वर्ग (जिल्हा पातळीवरच्या) तीर्थक्षेत्रात बसवून निधी आणायची तयारी दाखवली होती: रस्ता, पेव्हर ब्लॉक, भक्तनिवास, कमान. कमानीवर कुणाचं नाव येणार ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. नको म्हटलं ते ग्रामसभेनं. का म्हटलं, ते कळायला देवीच्या प्राणप्रतिष्ठेपासून सांगावं लागेल.

पोरांच्या मोबाइलमध्ये जयपूरच्या संगमरवरी दुर्गेचे फोटो होते, वाघावर बसलेल्या. भुमकाचं म्हणणं एकच, दगड हलवायचा नाही. वडशाहून आलेल्या गुरुजींनी त्यालाच दुजोरा दिला. तांदळा स्वयंभू, त्याला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. करायचीच तर उत्सवमूर्तीची करा. म्हणून हातभर उंचीची पंचधातूची मूर्ती आणली. संगमरवर परवडत नव्हता ही गोष्ट वेगळी, पण भुमक आणि गुरुजी एका बाजूला आल्यावर पोरांनी तो विषय सोडला.

जलाधिवास, म्हणजे मूर्ती पाण्यात ठेवायचा विधी, तलावाच्या पाण्यात झाला. धान्याधिवासाला गुरुजी गहू म्हणाले. बायका म्हणाल्या, गहू कायले जी, आपल्याकडं धान पिकते. घरटी पायलीभर धान आला. कुणाचा जाडा, कुणाचा बारीक, एकीचा बियाण्यासाठी राखलेला. त्या राशीत मूर्ती रात्रभर झाकून ठेवली. सकाळी बाहेर काढली तर ओल्या अंगाला तुसं चिकटलेली: नाकाच्या शेंड्यावर, मुकुटाच्या नक्षीत, कानाच्या पाळीत. दोघीतिघी पदराच्या टोकानं आणि वातीनं ती तुसं काढत बसल्या, तान्ह्या पोराचे कान पुसावेत तसं. गुरुजी मुहूर्ताची घाई करत होते. कुणी लक्ष दिलं नाही. मग न्यास (मंत्र म्हणत मूर्तीच्या अंगांना स्पर्श), नेत्रोन्मीलन (मूर्तीचे डोळे उघडणं), होम हे सगळं शास्त्राप्रमाणे झालं. पण माझ्या मते देवी गावाची झाली ती त्या अर्ध्या तासात.

देऊळही मोहाला धक्का न लावता बांधलं. खोडाभोवती दगडी ओटा, तांदळ्यावर छप्पर नाही, समोर पत्र्याचा मंडप. शिखर नाही. उन्हाळ्यात मोहफुलं थेट देवीच्या अंगावर पडतात.

रस्त्याचा विषय निघाला तेव्हा ग्रामसभेत सगळ्यात आधी याच बायका बोलल्या. पायवाटेच्या दोन्ही अंगांनी मोहाची झाडं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं वेचायला त्या तिथंच असतात, आणि कोणतं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे ठरलेलं आहे. रस्ता म्हणजे झाडं जाणार, उरतील त्यांच्याखाली गाड्या लागणार. एका म्हातारीनं विचारलं, "रस्ता कायले पायजे? देवी का फटफटीवर येते?" हसून हसून सभा थांबली, पण ठराव तिथंच झाला असं मी समजतो.

दुसरं कारण वाघ. ब्रह्मपुरी वनविभागात राखीव क्षेत्राबाहेर जितके वाघ आहेत तितके फार थोड्या ठिकाणी असतील. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे इथं पोरासोरांनाही शिकवावं लागत नाही. गाडी थेट देवळापर्यंत गेली की लोक उशिरापर्यंत थांबणार, फराळाचं उरलेलं टाकणार, त्यावर कुत्री आणि डुकरं येणार. त्यांच्या मागं कोण येतं ते सांगायला नको. म्हणून आमची आरती दिवस मावळायच्या आधी होते, जायचं ते घोळक्यानं, आणि नवरात्रातला जागर गावात, मारुतीच्या देवळापुढं. देवळात स्पीकर नाही.

तिसरं कारण आग. होळीनंतर रानात पानांचा खच पडतो आणि एक ठिणगी पुरते. त्यामुळं होळीपासून पाऊस पडेपर्यंत ओट्यावर उघडा कापूर लावू देत नाही. दिवा दगडी कोनाड्यातच, उदबत्ती वाळूच्या कुंडीत. यावर भांडणं होतात. नवसाला आलेला माणूस म्हणतो, माझ्या देवीपुढं मी कापूर लावणार. चालत आलेले पंधरा-वीस लोक असले तर त्यांना समजावता येतं. बसनं उतरलेल्या दोनशे जणांना कोण समजावणार? मला विचाराल तर रस्ता नसण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

चालणं हीच तपश्चर्या वगैरे मी म्हणणार नाही. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी असलं बोलू नये. रोज झाडलोट करणाऱ्या माणसालासुद्धा ती वाट पावसाळ्यात त्रासाचीच आहे, चिखलात चप्पल रुतते.

तुमच्या आईंसाठी सोय आहे. अष्टमीला उत्सवमूर्ती पालखीतून गावात येते आणि सकाळपासून ऊन उतरेपर्यंत ग्रामपंचायतीपुढच्या पारावर असते. ओटी तिथंच भरता येते, नवसही तिथं फेडता येतो. भुमक स्वतः सोबत असतो. तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे, ब्रह्मपुरीहून एसटीही येते. बसायला शाळेच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. फक्त नारळ प्लास्टिकच्या पिशवीतून आणू नका, पारावरच काढून घेतो आम्ही.