आमची वाटचाल : संपादन फुकटात होत नाही

बेळगावात अक्षरजुळणीची केंद्रे पुष्कळ आहेत आणि लग्नपत्रिका, स्मरणिका व सोसायट्यांचे वार्षिक अहवाल यांवर ती चालतात. आमचे केंद्रही त्यावरच उभे राहिले. मात्र पुस्तकाचे हस्तलिखित आले की ते थेट जुळणीला न घेता आधी संपादकाकडे पाठवायचे आणि त्याचे मानधन बिलात वेगळे दाखवायचे, ही पद्धत आम्ही पहिल्यापासून पाळली, याचा आम्हाला अभिमान आहे.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा येथील मराठी साहित्य संमेलने हिवाळ्यात भरतात आणि सीमाभागातील बहुतेक लेखकांना आपले पुस्तक त्याच मांडवात प्रकाशित व्हावे असे वाटते. दिवाळी संपली की बाडे येऊ लागतात. शुद्धलेखन तपासून द्या, एवढीच लेखकाची मागणी असते. साहित्य महामंडळाचे 18 नियम लावणे हे मुद्रितशोधकाचे काम, संपादन त्याच्या फार आधी सुरू होते, हे समजावून सांगण्यात आमची बरीच शक्ती गेली आहे.

आमच्यासाठी संपादन करणाऱ्या बाई टिळकवाडीत राहतात. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम स्वतंत्रपणे सुरू केले. एका बाजूला छापलेली, दोन ओळींत भरपूर जागा सोडलेली प्रतच त्यांना लागते. पहिले वाचन त्या हातात पेन्सिल न घेता करतात. दुसऱ्या वाचनाला तांबडी पेन्सिल चुकीसाठी आणि निळी प्रश्नासाठी. निळ्या खुणेचा प्रत्येक प्रश्न पान व ओळ घालून शंकापत्रकावर उतरतो, आणि लेखकाचे उत्तर त्याच पत्रकावर आल्याशिवाय आमचा ऑपरेटर मजकुराला हात लावत नाही. ती शंकापत्रके आम्ही फायलीत जपून ठेवली आहेत.

त्यांत सर्वांत जाड फाईल खानापूर तालुक्यातील एका निवृत्त गुरुजींची आहे. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या रानात घडणारी त्यांची कादंबरी होती. तिच्यातला मुलगा 1955 साली बाजारात पन्नास पैसे मोजतो. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून आली, तेव्हा येथे आठ आणे हवेत का, असे बाईंनी विचारले. मुलाचा बाप 1954 साली म्हैसूर सरकारकडे अर्ज करतो. पण 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात होता. पुढे 1965 च्या प्रकरणात कर्नाटक सरकार आले होते, आणि राज्याला ते नाव 1973 साली मिळाले. ज्या भागात माणूस आपल्या जागी राहून त्याचे राज्य बदलले, त्या भागाच्या कादंबरीत ही तपासणी किरकोळ म्हणता येत नाही. यानंतर बाईंनी शाळेच्या वर्णनाची चाळीस पाने कथेला अडवतात असे लिहिले, तेव्हा गुरुजी दुखावले आणि बरेच दिवस फिरकले नाहीत. मग एके दिवशी ती पाने स्वतःच कमी करून ते बाड घेऊन आले. डेमी या पुस्तकाच्या आकारात एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांचा एक फर्मा धरला, तर अडीच फर्म्यांचा कागद वाचला आणि कथा मोकळी झाली.

याच सुमारास आमच्यावर ते संकट आले, ज्याची सल अजून गेलेली नाही. शहरातल्याच एका मुद्रकाने ‘जुळणी, संपादन, मुखपृष्ठ, छपाई एकाच दरात, संपादन मोफत’ अशी जाहिरात केली. त्या हंगामात आमच्याकडे ठरलेली पुस्तके एकामागून एक तिकडे गेली आणि आम्ही शिकवून तयार केलेला ऑपरेटरही गेला. दुकानाचे भाडे थकले, यंत्र विकावे का यावर घरात चर्चा झाली. तेथे संपादन म्हणजे काय होत होते, ते छापून आलेल्या पुस्तकांतून दिसले. श्रीलिपी या संगणकावरच्या जुन्या टंकप्रणालीतला मजकूर आता रूढ असलेल्या युनिकोडमध्ये घेताना रफार भलत्या अक्षरावर गेलेले, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशी जोडाक्षरे फुटलेली, आणि त्याहून वाईट म्हणजे खेड्यातल्या माणसांच्या तोंडची बोली सरसकट पुस्तकी केलेली. ज्यांची बोली पुसली गेली, त्या लेखकांना कोणी विचारलेही नव्हते. याचा राग आम्हाला आजही येतो.

गुरुजींनाही तेथून निरोप आला होता. नमुन्यादाखल सुधारलेली पाने त्यांनी पाहिली आणि आमच्या दुकानात येऊन टेबलावर ठेवली. “माझी आई असं कधी बोलायचीच न्हाई,” एवढेच ते म्हणाले. आमच्या प्रतीत बाईंनी संवादांतल्या एकाही क्रियापदाला तांबडे लावले नव्हते. फक्त एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला असेल तेथे निळी खूण करून, कोणता ठेवू, असे विचारले होते. गुरुजींनी छपाईची सगळी रक्कम आगाऊ दिली, त्यातून भाडे भागले. पुढे त्यांच्या ओळखीने निपाणी आणि चंदगडकडचे लेखकही येऊ लागले, आणि त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते की संपादनाचा दर जुळणीच्या पानात कधीही मिसळू नये, कारण जे फुकट मिळते ते लेखक वाचून पाहत नाही. आधी दहा पानांचे नमुना संपादन करून दाखवावे. लेखक आणि संपादक यांचे जमणार की नाही, ते तेवढ्यात कळते. अंतिम शब्द लेखकाचाच असावा, पण लेखक एकच असावा. मुलगा, जावई आणि प्रस्तावना लिहिणारे सर असे तिघे शंकापत्रकावर उत्तरे देऊ लागले, तर काम थांबवून आधी ते मिटवावे. पुस्तकाची पाने मांडून झाल्यावर परिच्छेद बदलू देऊ नयेत, कारण एक परिच्छेद वाढला की पुढची सारी पाने सरकतात आणि अनुक्रमणिका चुकते.

आमच्याकडून गेलेल्या ऑपरेटरने त्या मुद्रकाचे काम सोडले आहे. तो परत यायला तयार आहे आणि आम्ही त्याला घेणार आहोत. गुरुजींचे दुसरे हस्तलिखित सध्या बाईंकडे पहिल्या वाचनाला आहे. संमेलनात प्रकाशन हवे असलेली हस्तलिखिते आम्ही यंदापासून गणेशचतुर्थीपर्यंतच स्वीकारणार आहोत. त्यानंतर आलेल्या बाडाला संपादनासाठी पुरेसा अवधी मिळत नाही, आणि संपादनाशिवाय पुस्तक आम्ही जुळणीला घेत नाही.